रशीद फेटेवाल्याची दिल्ली

कोल्हापुरात कुणाचं डोकं किती मोठं आहे याची खरी माहिती एकाच माणसाकडं आहे, आणि तो म्हणजे रशीद अत्तार. आडनाव अत्तार असलं तरी अत्तराचा धंदा आजोबांबरोबर संपला. रशीद फेटे बांधतो. तीस वर्षं झाली, दुसऱ्यांच्या डोक्याला कापड गुंडाळून त्यानं आपलं घर चालवलंय. कारखान्याचे चेअरमन, तालमीतले वस्ताद, नवरदेव, नवरदेवाचे रुसलेले मामा, दहावीला नव्वद टक्के पाडलेली पोरं, सगळ्यांच्या टाळूला त्याचे हात लागलेले. त्याचं एक मत आहे आणि चहा पाजणाऱ्या कुणालाही तो ते ऐकवतो. माणसाला पद मिळालं की डोकं दोन बोटं वाढतं, आणि पद गेलं तरी गडी पुढची पाच वर्षं त्याच मापाचा फेटा मागतो.

या गावात सत्काराला कारण लागत नाही. साहेब बदली होऊन आला की सत्कार, आणि गावाला वैतागून त्यानंच बदली करून घेतली की निरोपाचा सत्कार. कुणी उपोषणाला बसलं की फेटा, उपोषण सुटलं की दुसरा फेटा. मध्यंतरी बाजारात तयार फेटे आले, डोक्यावर ठेवला की झालं. रशीदनं ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि "लहान पोरांच्या गॅदरिंगला बरं हाय" म्हणून परत ठेवलं.

फेटा बांधताना समोरच्याला मान हलवता येत नाही. तीन-चार मिनिटं तो माणूस, कितीही मोठा असला तरी, रशीदच्या ताब्यात असतो आणि त्याचा कान रशीदच्या तोंडापासून वीतभर लांब असतो. रशीद मूळचा बडबड्या. चुण्या घालता घालता तो हळूच म्हणायचा, "साहेब, आमच्या गल्लीतल्या पारूबाईची पेन्शन अडकल्या बघा." फेटा पुरा होईपर्यंत साहेबाला पारूबाई कोण, तिचा नवरा कधी वारला आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे हे सगळं कळलेलं असायचं. अशा रीतीनं रशीदनं एकाला नळ मिळवून दिला, दोघांना शाळेत प्रवेश मिळवून दिला आणि पारूबाईची पेन्शन तर अडीच फेट्यांत सोडवली. अर्धा म्हणजे साहेब मधेच उठून गेले तो.

एकच काम त्यानं कधी कुणाच्या कानात घातलं नव्हतं, ते म्हणजे स्वतःच्या घरात येणारं पाणी.

रशीद राहतो शाहूपुरीच्या पाठीमागं, नाल्याकाठच्या पानमळ्यात. नावावरून कुणाला विड्याच्या पानांचे वेल आठवत असतील तर आठवोत. आता तिथं चारशे अकरा घरं आहेत आणि पान खायचं तर टपरीवर जावं लागतं. पावसाळ्यात नदी फुगली की नाला उलटा वाहायला लागतो आणि पानमळ्यात घुसतो. त्याला पाणी म्हणायची पद्धत आहे म्हणून पाणी म्हणायचं. वरच्या अंगाच्या अर्ध्या शहरानं वर्षभरात जे जे खाली सोडलेलं असतं ते सगळं त्या पाच-सहा दिवसांत पानमळ्यातल्या स्वयंपाकघरांत फिरून जातं. रशीदची बायको शहाजादी दरवर्षी पेटी पलंगावर आणि पलंग विटांवर चढवते, फेट्यांचं कापड माळ्यावर कोंबते आणि सगळ्यांना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात जाऊन राहते. पाणी ओसरलं की आठ दिवस फरशी घासते. तिच्या पायाच्या चिखल्या दिवाळीपर्यंत जात नाहीत.

"अख्ख्या गावाच्या डोक्याची काळजी हाय तुमास्नी," ती म्हणायची, "माझ्या पायाची बी वाईच करा की."

रशीद ऐकून घ्यायचा. त्याला लाज वाटायची, हे खरं कारण. आमदाराच्या डोक्यावर हात ठेवणारा माणूस, त्यानं त्याच आमदाराला सांगायचं की माझ्या चुलीत गटार येतं? लोकांचं गाऱ्हाणं सांगताना त्याची जीभ सरसर चालायची आणि स्वतःच्या घरापाशी आली की टाळ्याला चिकटायची.

मग गेल्या वर्षी मार्चात एक भानगड झाली.

रशीदची लेक मुबशिरा, बी.कॉम. झालेली, शाहूपुरीत एका सीएच्या ऑफिसात कामाला. तिला बघायला कळंब्याहून दस्तगीर मुल्लाणी बायकोपोरासह आले होते. दस्तगीरचा मंडपाचा धंदा, घर तिथल्या तळ्याच्या वरच्या अंगाला उंचावर, मुलगा तौसीफ दिसायला बरा आणि बोलायला कमी. शिऱ्याच्या बशा नुकत्या हातात गेल्या होत्या, तेवढ्यात उघड्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. वस्तीचा सर्वे चालला होता.

"काका, दोनच मिनिटं," ती म्हणाली. नाव, माणसं किती, नळ आहे का, हे सगळं सुरळीत झालं. मग तिनं विचारलं, "पावसाळ्यात घरात पाणी शिरतं का?"

दस्तगीरच्या बायकोचा चमचा बशीत थांबला. पडद्याआड शहाजादीनं श्वास धरला. रशीदनं एकदा होणाऱ्या व्याह्याकडं बघितलं आणि मोठ्यांदा हसला.

"आमच्यात? छ्या! आमच्यात थेंब येत न्हाय. शेजारी येतंय म्हणत्यात."

मुबशिरा हातात पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि ट्रे खाली ठेवला. सर्वेवाली पोरगी टॅबवर बोट फिरवून पुढच्या घरी गेली. आठ दिवसांनी कळंब्याहून होकार आला.

रशीदच्या मनाला थोडं टोचलं, नाही असं नाही. पण चारशे अकरा घरांत एकानं खोटं सांगितलं तर काय बिघडतं, असा त्यानं हिशेब केला. चारशे दहा जण खरं सांगतीलच. जुलैत पाणी आलं, व्याह्यांचा फोन आला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून तो म्हणाला, "घरात रंगकाम काढलंय, या आठवड्यात नगा येऊ." शहाजादीनं हे ऐकून त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडं कुणी नसताना.

सप्टेंबरात पेपरात बातमी आली की नदीकाठच्या शहरांतल्या वस्त्यांसाठी केंद्र सरकार निधी देणार आहे. नाल्याला भिंत, खाली गटाराची बंद लाईन, वर रस्ता. पण शहरं जास्त आणि निधी कमी, त्यामुळं ज्याचा दिल्लीत वट तो पुढं. बाकीच्या जिल्ह्यांची माणसं म्हणे तिथं महिनाभर तळ ठोकून बसली होती. कोल्हापुरात बातमी सकाळी वाचली गेली आणि दुपारच्या जेवणाआधी कृती समिती स्थापन झाली. महापालिकेत त्या वेळी नगरसेवक नव्हते, निवडणुका लांबलेल्या. माजी नगरसेवकांना भांडायला सभागृह उरलं नव्हतं. त्यांची तब्येत बिघडत चालली होती, ती या समितीनं सुधारली.

बैठक एका तालमीच्या हॉलमध्ये. अध्यक्ष आकारामबापू, वय बहात्तर, आजवर सतरा कृती समित्यांचे अध्यक्ष, त्यातल्या काही अजून चालू आहेत हे त्यांनाही आठवत नव्हतं. अध्यक्ष झाले म्हणून आधी त्यांचा सत्कार. रशीदनं फेटा बांधला आणि उरलेलं कापड घडी करत दाराशी बसून राहिला. विषय त्याच्या घरात शिरणाऱ्या पाण्याचा होता, पण हे तिथं कुणाला माहीत नाही असं तो धरून चालला होता आणि सांगायलाही उठला नाही.

पहिला उठला पृथ्वीराज. माजी नगरसेवक, वय पस्तीस, पुण्याला जाऊन एमबीए करून आलेला. त्यानं लॅपटॉप उघडला. "बापू, आता नुसतं निवेदन देऊन भागत न्हाय. लॉबिंग करावं लागतंय. दिल्लीत त्याच्या कंपन्या हायत. त्यांना काम द्यायचं, ते निधी आणत्यात."

"लॉबिंग म्हंजे काय रं?" बापूंनी विचारलं.

"योग्य माणसाच्या कानात योग्य वेळेला योग्य गोष्ट घालायची."

"मग त्याला कंपनी कशाला? आमची म्हातारी जन्मभर हेच करत हुती, फुकट."

हॉल हसला. पृथ्वीराजचं तोंड उतरलं. मग मागनं एकजण ओरडला की कोल्हापूर आजवर कुणाच्या दारात गेलेलं नाही, निधी हा हक्क आहे, तो मागायचा नाही, हिसकावून घ्यायचा. त्यावर दुसरा म्हणाला की हिसकावायलासुद्धा आधी रेल्वेत बसावं लागतं. तिसऱ्यानं दिल्ली इकडं बोलवा म्हणून ठराव मांडला, त्याला अनुमोदनही मिळालं. असं तीन तास चाललं. एक खुर्ची मोडली. ती दस्तगीरच्या मंडपाची होती, कारण समितीचा मंडप आणि खुर्च्या कायम दस्तगीरच्या, आणि म्हणूनच तो उपाध्यक्ष होता.

सगळे दमल्यावर नागसेन कांबळे उठला. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला, बोलायला तुटक, कागदाला पक्का. "अर्जाबरोबर वस्तीचा सर्वे जातोय," तो म्हणाला. "आधी तो मागवून बघू या. किती घरात पाणी शिरतंय तो आकडा म्हंजे अर्जाचा जीव हाय. आकडा बरा नसंल तर तुमी कंपनी लावा न्हाईतर हत्ती लावा, काय उपयोग न्हाय."

दाराशी बसलेल्या रशीदच्या हातातली घडी सुटली.

"नागसेन, आकडे बघायचं काम दिल्लीवाल्यांचं," आकारामबापू म्हणाले. "आपण माणूस बघायचा. त्या साहेबाला एकदा कोल्हापुरी फेटा बांधला की तो आपला झाला. काय रं रशीद?"

"व्हय की बापू," रशीद म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की बापूंना आणखी एक फेटा फुकट बांधावा असं मनात आलं.

ठरलं. बापू, पृथ्वीराज, दस्तगीर आणि नागसेन जाणार. नागसेनला न्यायचं कारण इंग्रजी अर्ज वाचता येणारे दोघेच होते आणि त्यातला पृथ्वीराज वाचत नव्हता. पाचवा रशीद, डोक्यासाठी.

निघायच्या दिवशी शहाजादीनं चपात्या बांधून दिल्या आणि दारात उभी राहिली. "आजवर सगळ्यांचं सांगितलासा. ह्या खेपेला आपलं सांगा."

"निकाह तोंडावर आलाय," रशीद म्हणाला. निकाह जानेवारीत होता, आणि हा नोव्हेंबर. "एकदा पोरगी तिकडं गेली की सांगतो सगळ्यांना. आत्ता दस्तगीरभाईंच्या देखत कसं सांगू? खोटारड्याची पोरगी म्हणून मोडून टाकतील."

"मग पुढचा जुलै बी मी विटांवर काढू?"

रशीदनं पिशवी उचलली.

गाडीत दीड-दोन दिवस दस्तगीर समोरच्या बर्थवर. माणूस इतका चांगला की रशीदला त्याचा राग यायला लागला. "रशीदभाई, खालच्या बर्थवर झोपा." "रशीदभाई, ही अंडी घ्या, बायकोनं तुमच्यासाठी दिल्यात." प्रत्येक अंड्यागणिक रशीद आणखी थोडा खिडकीकडं सरकायचा. एकदा दस्तगीरनं सहज विचारलं, "मग रंगकाम कसं झालं?" तेव्हा रशीद "मस्त" म्हणाला आणि संडासात जाऊन पाऊण तास बसला.

दिल्लीत निधीचं काम बघणाऱ्या साहेबांनी दहा मिनिटं दिली होती. सहसचिव दर्जाचे गृहस्थ, थकलेला चेहरा, टेबलावर फायलींचे ढीग. साहेबांना मराठी येत नव्हतं आणि बापूंना ते न येणं मंजूर नव्हतं. बापूंनी प्रास्ताविक सुरू केलं. कोल्हापूरची कुस्ती, कोल्हापूरची चप्पल, कोल्हापूरचा गूळ. पृथ्वीराज हिंदीत भाषांतर करत होता आणि गुळापाशी अडकला होता. साडेचार मिनिटं अशी गेली. मग बापूंनी खूण केली, "आता सत्कार."

साहेब नको नको म्हणत होते. पण रशीद आपल्या कामात साहेबांचं ऐकत नसतो. त्यानं खुर्चीमागं उभं राहून डोकं पारखलं. मध्यम, मागं चपटं, केस विरळ, कापड घसरणार. त्यानं पहिला वेढा घट्ट घेतला. दस्तगीर शाल उलगडून दोन हातांवर उभा, बापूंच्या हातात नारळ, नागसेनच्या काखेत अर्जाची फाईल. आणि रशीदला कळलं की साहेबाचा कान आता वीतभर लांब आहे आणि आपल्याकडं तीन मिनिटं आहेत.

"साब, हिलना नको," तो खालच्या आवाजात म्हणाला. शहाजादीचे पाय डोळ्यांपुढं आले आणि त्याची जीभ एकदाची सुटली, पण अर्धीच. "हमारे गाव में पानमळा करके बस्ती है. उधर हर साल घरां में पानी घुसता. लोगां के बहोत हाल होते."

साहेबांनी मान न हलवता नुसते डोळे खाली केले आणि समोरची सर्वेची फाईल उलटली. "पानमळा," ते म्हणाले. "चार सौ ग्यारह घर." बोट ओळीवरून सरकत गेलं आणि थांबलं. "जिन घरों में पानी घुसता है, उनकी संख्या शून्य."

रशीदचे हात थांबले. फेट्याच्या कामात हात मधे थांबवायचे नसतात, कापड सैल पडतं. ते पडलं.

"शून्य?" नागसेन पुढं झाला.

"और रिमार्क में लिखा है," साहेब आता जरा मोठ्यांदा वाचायला लागले, "अपने घर में नहीं आता, पड़ोसी के घर आता है. ये चार सौ ग्यारह बार लिखा है." त्यांनी पहिल्यांदाच सगळ्यांकडं नीट बघितलं. "अजीब बस्ती है आपकी. पानी हर किसी के पड़ोसी के घर जाता है."

चारशे अकरा. म्हणजे पारूबाईनंही तेच सांगितलं होतं. तिच्या भाड्यानं द्यायच्या खोलीला गिऱ्हाईक यायचं होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं, दूधवाल्यानं, रोज नाल्याच्या नावानं शिव्या घालणाऱ्या गुंडूनंसुद्धा. प्रत्येकाला वाटलं, आपली अब्रू आपण राखू, खरं शेजारी सांगेल. रशीदला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि साहेबाचं डोकं हातात असल्यामुळं दोन्ही करता येत नव्हतं.

आकारामबापूंना मात्र वेळ लागला नाही. "सर्वे खोटा हाय!" त्यांनी नारळ टेबलावर आपटला. "कुणी केला सर्वे? घरात बसून भरलाय! ज्यानं केला त्याला पैलं काढून टाका म्हणावं."

"राईट," पृथ्वीराज म्हणाला. "सर, सर्वे करनेवाले पे ॲक्शन लीजिए. हम लेटर देते हैं." आणि त्यानं खरोखरच लेटर काढायला बॅग उघडली. साहेबांनीही पेन उचललं, कारण पेन उचलण्याजोगं काहीतरी आता कुठं समोर आलं होतं.

रशीदला ती पोरगी आठवली. भर उन्हात दारोदार फिरत होती. त्यानं तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, बशीतला शिरा तर लांबच. आता तिची नोकरी जाणार आणि पानमळ्याचा निधीही जाणार, आणि तो फेटा बांधून नारळ घेऊन घरी जाणार. दोन हातांवर दस्तगीर शाल घेऊन उभा होता. बोललं तर मुबशिराचा निकाह गेला. नाही बोललं तर शहाजादीचा पुढचा जुलै, त्याच्या पुढचा, आणि त्याच्याही पुढचा. रशीदला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"साब," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "उस लड़की की गलती नहीं. उसने बराबर लिख्या. झूट मैं बोल्या."

पृथ्वीराजचा हात बॅगेतच राहिला.

"मैं पानमळे में रैता. उस दिन मेरे लड़की को देखने लोगां आये थे. शरम के मारे बोल दिया पानी नहीं आता. आता साब. इधर तक आता." त्यानं एका हातानं कमर दाखवली. दुसऱ्या हातात फेट्याचं टोक होतं.

"रश्या!" बापू मराठीत गरजले. "अरं काय बोलतंयस? दिल्लीत येऊन शहराची अब्रू घालवतंयस व्हय?"

"बापू, अब्रू दर जुलैत जातीच हाय," रशीद म्हणाला. "आता पानी तरी जाऊ दे."

दस्तगीरकडं बघायची त्याची हिंमत नव्हती. त्याला फक्त शाल खुर्चीवर ठेवल्याचं दिसलं. मग दस्तगीर पुढं आला, टेबलाला हात टेकवले आणि साहेबांना म्हणाला, "साब, वो देखने आये लोगां हम. ये आदमी सच बोल रहा है. हमको उसी दिन मालूम पड़ा था."

रशीदनं मान वर केली.

"काय बघतासा?" दस्तगीर म्हणाला. "तुमच्या पोरीनंच त्या दिवशी सांजच्याला तौसीफला मेसेज केला. आमच्यात कमरेइतकं पानी येतंय, अब्बा तुमच्याम्होरं लाजून खोटं बोलले, चालत नसंल तर आत्ताच न्हाय म्हणा. पोरानं आमास्नी दाखवला. माझी बायको म्हणली, बाप कसा बी असू दे, पोरगी खरी हाय, ठरवून टाका." तो थांबला आणि मग त्याला हसू आवरेना. "आनि तुमचं ते रंगकाम! फोन ठेवल्यावर आमच्या घरात दोन दिवस तेच चाललंतं."

साहेबांना यातलं निम्मं कळलं असेल. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. फेरसर्वे करता येईल, ते म्हणाले, पण त्यासाठी प्रत्येक घरानं लिहून द्यावं लागेल की आधी दिलेली माहिती चुकीची होती. सहीनिशी. "चार सौ ग्यारह लोग लिख के देंगे? अपना झूठ?"

"बाकी लोगां का मालूम नहीं," रशीद म्हणाला. "पैला मैं देता."

नागसेननं फाईलमधून कोरा कागद काढला. जणू तो अशाच वेळेसाठी घेऊन फिरत होता. त्यानं चार ओळी लिहिल्या आणि रशीदनं उजव्या हातानं सही केली. डाव्या हातात चुण्या धरलेल्या होत्या. मग त्यानं सैल पडलेला वेढा पुन्हा आवळला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला आणि साहेबांना आरसा दाखवला. निधी देतो असं साहेब म्हणाले नाहीत. फेरसर्वेचं पत्र आठवड्यात काढतो म्हणाले. फेटा उतरवायचं मात्र ते विसरले, आणि पुढच्या शिष्टमंडळाला तसेच सामोरे गेले.

बाहेर आल्यावर बापू त्याच्याशी बोलत नव्हते. पृथ्वीराज म्हणत होता की याला इंग्रजीत ट्रान्सपरन्सी म्हणतात आणि ही आपली रणनीतीच होती असं प्रेसनोटमध्ये घालू. रशीद बाजूला जाऊन फुटपाथच्या कठड्यावर बसला. त्याला रडू आलं आणि तो खुशाल रडला. दिल्लीत त्याला कोण ओळखतंय. लेकीसाठी म्हणून तो आठ महिने जे झाकत होता ते लेकीनं पहिल्याच दिवशी उघडं केलं होतं. लेकीसाठी नव्हतंच ते. ते रशीद फेटेवाल्यासाठी होतं.

त्यानं घरी फोन लावला. मुबशिरानं उचलला. आज तिनं रजा टाकली होती.

"तू तौसीफला सांगितलंतंस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मला का न्हाय बोललीस?"

"तुमी विचारलंच न्हाय अब्बा. आयुष्य मला काढायचं तिथं, आनि सुरुवात तुमच्या थापेनं करायची व्हय?" मग तिचा आवाज खाली आला. "थांबा, आम्मी मागतीया. सकाळपास्नं फोनपाशीच बसल्या."

शहाजादीनं फोन घेतला. इकडचं तिकडचं काही नाही, जेवलासा का नाही, थेट म्हणाली, "सांगितलासा?"

"सांगितलं."

"काय सांगितलासा?"

"दरवर्षी घरात पानी येतंय म्हणून सांगितलं."

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची जीभ तिला चांगली ठाऊक होती.

"कुणाच्या घरात?" तिनं विचारलं.

"आपल्या," रशीद म्हणाला.